सिकलसेल : एका प्रथिनाची कथा

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या जिल्ह्यांत सिकलसेल हे नाव नवे नाही. परंतु हा आजार का होतो असे विचारले, तर ‘घराण्याचे रक्तच वाईट’ असे उत्तर आजही कानी पडते. मी कला शाखेचा विद्यार्थी. तरीही या उत्तराने समाधान होईना. म्हणून वाचून जे समजले, ते येथे थोडक्यात मांडीत आहे.

आपल्या तांबड्या रक्तपेशींत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ती ठराविक रीतीने दुमडली तरच काम करते. हिमोग्लोबिनात अशा चार माळा असतात : दोन अल्फा व दोन बीटा. ही रचना साध्या डोळ्यांना दिसणे अशक्य. केंब्रिज येथे मॅक्स पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनच्या स्फटिकांवर क्ष-किरण सोडले व ते कसे विखुरतात यावरून १९६० साली या रचनेचे चित्र सिद्ध केले. १९६२ मध्ये त्यांना जॉन केंड्र्यू यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

तत्पूर्वी १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेल हा रेणूचा आजार असल्याचे दाखविले होते. नेमका दोष व्हर्नन इनग्रॅम यांना १९५६-५७ मध्ये सापडला. बीटा माळेत १४६ मणी. त्यांतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. एवढाच फरक! पण व्हॅलिन पाण्यापासून दूर राहू पाहते. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की ते शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसते. रेणूला रेणू चिकटून लांब दोरे बनतात व पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात.

रचना कळली की औषधशोधाला दिशा मिळते. हिमोग्लोबिनने प्राणवायू धरून ठेवला तर दोरे बनणार नाहीत, या विचारातून अल्फा माळेच्या टोकाला चिकटणारे व्हॉक्सेलोटर तयार झाले. २०१९ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. परंतु रुग्णांमधील वेदनेचे झटके व मृत्यू यांची माहिती पाहून सप्टेंबर २०२४ मध्ये उत्पादकांनी ते मागे घेतले. रेणूत नेमके बसणारे औषध रुग्णाला मानवेलच असे नाही, हे यावरून दिसते. हायड्रॉक्सियुरिया हे जुने औषध मात्र वापरात आहे; ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढविते व त्यामुळे दोरे बनण्यास अडथळा होतो.

आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून विवाहापूर्वी रक्त तपासणे अगत्याचे आहे. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत ५७४ मणी असतात; त्यांपैकी अवघे दोन बदललेले. यात घराण्याला कलंक तो कोणता? हे गावोगाव समजले, तर तपासणीला जाताना कोणाची मान खाली जाणार नाही.