अंदाज वाचताना रात्रीचा आकडाही बघा

पावसासाठी परभणी जिल्ह्यातल्या पंजाब डख यांच्या अंदाजाकडे कान लावून बसणारे शेतकरी खूप आहेत. उन्हाळ्यातही हौशी अभ्यासकांचे असे आठवड्याचे अंदाज मोबाइलवर फिरतात: 'बुधवारपर्यंत कडक ऊन, पारा चाळिशीला, गुरुवारी दुपारनंतर ढग, अवकाळीची शक्यता.' अवकाळी आणि गारपिटीबाबत ते हवामान खात्याच्या इशाऱ्याशी ताडून पाहा. तब्येतीच्या दृष्टीने मात्र असा अंदाज मोलाचा आहे. तो नीट वाचायला हवा, एवढंच.

बहुतेक जण दुपारचा आकडा वाचून थांबतात. मी म्हणेन, आधी रात्रीचा बघा. नाशिक उंचावर आहे, इथली हवा कोरडी. त्यामुळे रात्री गारवा येतो आणि दिवसभर तापलेलं शरीर सावरतं. किमान तापमान लागोपाठ दोन-तीन रात्री चढंच राहिलं, की पत्र्याच्या खोलीत राहणारे, म्हातारी माणसं आणि हृदयरोगी यांची मला काळजी वाटू लागते.

दुसरा धोका दमटपणाचा. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या महाराष्ट्रभूषण सोहळ्यात उष्माघाताने 14 जण गेले. त्या दिवशी पारा चाळिशीच्या खालीच होता. घाम वाळला तरच अंग गार होतं. दमट हवेत माठातलं पाणीही गार होत नाही, तशीच आपली गत. म्हणून अंदाजातल्या त्या ढगाळ गुरुवारी गाफील राहू नका. अवकाळी पडून गेल्यावर बंद खोलीत कूलर लावला, तर ओल आणखी वाढते. तेव्हा कूलरचा पंप बंद ठेवून नुसती हवा घ्या आणि खिडक्या उघडा.

तापमान एकदम चढतं ते पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट. उन्हाची सवय व्हायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात. निफाड-लासलगावकडे कांदा काढणाऱ्यांनी आणि चैत्रात सप्तशृंग गडाकडे पायी निघालेल्यांनी हे दिवस ओळखून काम आणि चाल पहाटेवर न्यावी, दुपारी सावली धरावी. तहान लागायची वाट पाहू नका. जुलाब किंवा फार घाम झाला, तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचाच हवा. मीठ अंदाजाने टाकू नका.

उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरीही. 108 ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत त्याला सावलीत घेऊन अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असाल, तर आठवडा तापणार असं दिसताच आपल्या डॉक्टरांना विचारा. मनाने गोळी बंद करू नका.