पहिलं पिस्तूल साडेचार मिलिमीटरचं

तिकोणा पेठेतल्या पोरांसमोर पिस्तुलाचा विषय काढा, पहिला प्रश्न ठरलेला: ‘आवाज केवढा येतो?’ नवख्याचा नेम बिघडवतो तो हाच आवाज. कानाशी बार झाला की डोळे मिटतात, मनगट आवळतं आणि पुढच्या वेळी गोळी सुटण्याआधीच हात खाली झुकतो. ही खोड दोन दिवसांत लागते, जाता जात नाही. म्हणून सुरुवात ४.५ मिलिमीटरच्या, म्हणजे .१७७च्या एअर पिस्तुलानेच करा. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा, धक्का जवळजवळ नाहीच. अंतर १० मीटर आणि दहा गुणांचं वर्तुळ अवघं ११.५ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. त्यामुळे हे खेळणं आहे असं कुणी समजू नये.

२० जूलपर्यंत ऊर्जा आणि ४.५ मिलिमीटरपर्यंत नळी असलेल्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. तरी ओळखपत्र दाखवून पक्की पावती घ्या आणि ती जपून ठेवा.

दुकानात कंपनीचं नाव विचारण्याआधी मूठ हातात धरून बघा. स्पर्धेच्या पिस्तुलांच्या लाकडी मुठी डाव्या-उजव्या हातासाठी वेगळ्या आणि लहान-मोठ्या मापांत मिळतात. रिकामं पिस्तूल पकडा, डोळे मिटा, हात सरळ करून खांद्याच्या रेषेत आणा आणि मग डोळे उघडा. पुढची माशी मागच्या खाचेत मधोमध दिसली तर मूठ तुमची. दर वेळी एकाच बाजूला सरकत असेल तर मूठ बदला किंवा घासून-भरून घ्या. मनगट वाकवून जुळवून घ्यायची सवय मात्र लावू नका.

मग वजन. नियमाने दीड किलोपर्यंत चालतं, पण ती मर्यादा आहे, शिफारस नव्हे. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला किलोच्या आतलं, आखूड नळीचं द्या. पांढऱ्या भिंतीसमोर तिने ते दहा सेकंद धरून बघावं. खांदा वर चढला तर ते तिच्यासाठी जड आहे. ट्रिगरचा दाब स्पर्धेत किमान ५०० ग्रॅम लागतो, त्याखाली उतरवू नका.

काही पिस्तुलांत दर छऱ्याला तरफ दाबून हवा भरावी लागते. लहान मुलांचा हात त्याने लवकर थकतो, पण बाहेरून हवा आणायची कटकट नसते. दाबलेल्या हवेची टाकी असलेलं पिस्तूल सुखाचं, फक्त गावात ती २०० बारपर्यंत भरणार कुठे, हे आधी ठरवा. जुनं घेत असाल तर टाकीवरची तारीख वाचा. साधारण दहा वर्षांनी ती बाद धरतात. सुट्या भागांचीही चौकशी करा. टोकियो ऑलिंपिकमध्ये नेमबाज मनू भाकरच्या पिस्तुलाची तरफ ऐन फेरीत तुटली आणि मोलाची मिनिटं गेली. पुढे २०२४ला पॅरिसमध्ये एअर पिस्तुलानेच तिने दोन कांस्यपदकं मिळवली.

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते २५ मीटरच्या पिस्तुलाने. ते पिस्तूल ५.६ मिलिमीटरचं, म्हणजे आपलं पॉइंट टू-टू. तिकडे वळायला निदान काही महिने जाऊ द्या. त्याला परवाना लागतो, म्हणून विकत घेण्याआधी क्लबच्या पिस्तुलावर हात बसवा. पहिल्या दिवशी एका वेळी एकच गोळी भरायची. कानाला मफ आणि डोळ्यांना चष्मा हवाच. गोळी उडाली नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं. रिकाम्या पॉइंट टू-टूचा चाप उगाच ओढू नका, बऱ्याच पिस्तुलांची पिन त्याने खराब होते. स्वसंरक्षणाचं .३२ रिव्हॉल्व्हर शिकायच्या कामाचं नाही. नळी आखूड, धक्का मोठा आणि गोळ्या महाग.

तिकोणा गडाखालच्या माळावर किंवा पवना नदीच्या काठी पॉइंट टू-टू चालवायचा विचारही नको. तो गुन्हा आहेच, शिवाय ही गोळी किलोमीटरभर सहज जाते आणि कातळावरून, पाण्यावरूनही उसळते. त्यासाठी बालेवाडीच्या क्रीडासंकुलातल्यासारखी रेंजच हवी.

घरी एअर पिस्तुलासाठी मागे भक्कम भिंत, तिच्यापुढे छर्रे पकडणारी पेटी आणि मध्ये ये-जा नसलेली जागा पाहिजे. छर्रे शिशाचे असतात. सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.