बाळास भाजीची गोडी कशी लावावी: माता-पित्यांकरितां एक पाठ

वसना व तिळगंगा ह्या नद्यांच्या कांठीं, कोरेगांव तालुक्यांतील शेतांत, खरिपाच्या हंगामांत घेवडा पिकतो. त्याच्या दाण्यावर वाघाच्या अंगावरच्यासारखे पट्टे असतात, म्हणून त्यास वाघ्या घेवडा हें नांव पडलें. ह्या पिकास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पोतीं भरून हा घेवडा व्यापाऱ्याकडे जातो, आणि दूर उत्तरेकडील लोक राजमा म्हणून तो आवडीनें खातात. हें चांगलेंच आहे. त्या पैशावर घर चालतें. परंतु ज्या घरांतून पोतें गेलें, त्याच घरांतील आठ महिन्यांचें बाळ पुष्कळदां चहांत बुडविलेल्या बिस्किटावर व भाताच्या पेजेवर वाढत असतें. परसांत शेवगा उभा आहे, कुंपणावर तांबडा भोपळा लोंबत आहे, आणि बाळाच्या वाटींत त्यांतील कांहींच येत नाहीं. असें कां होतें, व तें कसें टाळावें, ह्याचा विचार ह्या पाठांत करावयाचा आहे.

१. भाजी कशास पाहिजे?

पहिले सहा महिने आईचें दूध हेंच बाळाचें संपूर्ण अन्न होय. त्या दिवसांत त्यास वरचें पाणीही लागत नाहीं. सहा महिने पुरे झाल्यावर मात्र एकटें दूध पुरत नाहीं. ह्याचें एक मोठें कारण लोह हें आहे. आईच्या पोटांत असतांना बाळ लोहाचा जो सांठा मिळवितें, तो सुमारें सहा महिन्यांत सरत येतो, आणि आईच्या दुधांत लोह थोडेंच असतें. सांठा सरला व वरून भर पडली नाहीं म्हणजे रक्त फिकें पडतें व बाळ मलूल होतें. ह्याच वयांत मेंदूची वाढ झपाट्यानें होत असते. तिलाही धक्का पोंचतो, आणि ही हानि पुढें भरून काढणें कठीण असतें.

घेवडा, मसूर व पालेभाज्या ह्यांत लोह आहे. परंतु वनस्पतींतील लोह अंगीं लागण्यास क जीवनसत्त्वाची मदत हवी असते. म्हणून वाटींत लिंबाचे दोन थेंब पिळावे, किंवा भाजींत टोमॅटो शिजवावा. चहा ह्याच्या उलट करतो. तो लोहास अडवितो. म्हणून बाळास चहा मुळींच देऊं नये. तांबडा भोपळा, गाजर व हिरवा पाला ह्यांपासून अ जीवनसत्त्व मिळतें. तें दृष्टीस व रोगाशीं झगडण्यास उपयोगी आहे. तें अंगांत शोषलें जाण्यास थोडें तेल किंवा तूप लागतें. ज्यांच्या घरीं चालतें त्यांनीं अंडें, मासळी किंवा मटण हेंही मऊ शिजवून द्यावें, कारण मांस-मासळींतील लोह अधिक सहज अंगीं लागतें. भाजीनें ह्या अन्नाची जागा घ्यावी असें नव्हे, तर त्याच्या जोडीला बसावें.

२. बाळ तोंड वांकडें कां करतें?

सून दुपारीं मेथीची भाजी कुसकरून बाळाच्या मुखीं घालते. बाळ डोळे मिटतें, नाक मुरडतें आणि सगळा घांस हनुवटीवर सोडतें. सून म्हणते, “आत्याबाई, ह्यानं सगळं थुंकलं बघा. ह्याला भाजी आवडतच नाही.” सासूबाई म्हणतात, “मग नको देऊस बाई, उगीच पोट बिघडायचं.” त्या दिवसापासून भाजी बंद होते. दोघीही बाळाच्या मायेनेंच बोलल्या. परंतु चूक घडते ती येथेंच.

गोड चव मनुष्यास जन्मतःच आवडते. आईचें दूधही गोडसरच असतें. कडू चवीविषयीं मात्र बाळास उपजत शंका असते, कारण सृष्टींत पुष्कळशीं विषें कडू असतात. शिवाय जीभ बाहेर लोटण्याची तान्ह्या बाळाची संवय एकदम जात नाहीं. म्हणून प्रथम प्रथम गोड भोपळाही बाहेर येतो. ह्यास्तव मुरडलेलें नाक म्हणजे नकार असें समजूं नये. तो केवळ नव्या पाहुण्याशीं पहिला परिचय होय.

हा परिचय आवडींत कसा बदलतो तें पाहा. १९८२ सालीं लिअन बर्च व मार्लिन ह्या अमेरिकेंतील संशोधकांनीं दोन वर्षांच्या मुलांस नवे पदार्थ कमीअधिक वेळां चाखावयास दिले. जो पदार्थ अधिक वेळां चाखला, तोच अधिक आवडूं लागला. पुढील अनेक शोधांवरून असें दिसलें कीं, एखादी भाजी बाळानें स्वीकारावी म्हणून ती आठ-दहा वेळां किंवा त्याहूनही अधिक वेळां पुढें करावी लागते. आपण बहुधा तिसऱ्या-चौथ्या वेळींच हात टेकतों.

ही गोडी लावण्याचें काम आईच्या जेवणापासूनच सुरू होतें. ज्युली मेनेला व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका शोधांत कांहीं मातांनीं गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत, आणि कांहींनीं बाळंतपणानंतर दूध पाजीत असतां, गाजराचा रस घेतला. त्यांच्या बाळांनीं पुढें गाजराच्या चवीचें अन्न खातांना तोंडें कमी वांकडीं केलीं. म्हणजे आईनें जें खाल्लें त्याची चव बाळापर्यंत पोंचते. म्हणून बाळंतिणीस भाजी वर्ज्य करणें दुहेरी तोट्याचें आहे: तिचें अंग भरत नाहीं, आणि बाळाची ओळख राहून जाते.

३. कसें करावें?

पहिली गोष्ट: वेगळा स्वयंपाक मांडूं नये. घरच्या भाजींतून तिखट-मीठ घालण्यापूर्वीं बाळाचा वांटा काढून ठेवावा. वर्षाच्या आंत मीठ व साखर ह्यांची गरज नसते. मध तर वर्षाच्या आंत मुळींच देऊं नये, कारण त्यापासून तान्ह्या मुलास भयंकर विषबाधा होऊं शकते.

दुसरी गोष्ट: एक नवी भाजी दोन-तीन दिवस द्यावी, मग दुसरी घ्यावी. आरंभीं दोन-तीन चमचे पुरेत. अन्न चमच्यावरून ओघळेल इतकें पातळ नसावें. पातळ अन्नानें पोट भरतें, पण पोषण होत नाहीं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळास दिवसांतून दोन-तीन वेळां व पुढें तीन-चार वेळां अन्न द्यावें. आईचें दूध दोन वर्षें व त्यापुढेंही चालूं ठेवावें.

तिसरी गोष्ट: भाजीची चव ओळखूं यावी. सर्व कांहीं गुळांत कालविलें तर बाळ गूळ शिकतें, भाजी शिकत नाहीं.

चौथी गोष्ट: बळजबरी करूं नये. नाक दाबून, हात धरून घांस कोंबला तर बाळ भाजीशीं भय जोडतें. त्यानें मान फिरविली कीं थांबावें, हंसून वाटी बाजूस ठेवावी, व एक-दोन दिवसांनीं तीच भाजी पुन्हां द्यावी. “भाजी खा, मग बिस्कीट देतें,” असेंही म्हणूं नये. त्यानें भाजी ही शिक्षा व बिस्कीट हें बक्षीस ठरतें. बाळास मांडीवर किंवा पंगतींत बसवावें व त्याच्यासमोर बापानें व भावंडांनीं तीच भाजी आवडीनें खावी. बापच ताटांतील भाजी बाजूस सारीत असेल तर आईचे सर्व श्रम वायां जातात.

पांचवी गोष्ट: घेवड्याविषयीं सावधगिरी. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या घेवड्यांत एक विषारी द्रव्य असतें. त्यानें ओकाऱ्या व हगवण होते. म्हणून घेवडा रात्रभर भिजवावा, तें पाणी टाकून द्यावें, व नव्या पाण्यांत खळखळ उकळवून दाणा बोटानें चेपेल इतका मऊ शिजवावा. नुसत्या मंद निखाऱ्यावर ठेवून भागत नाहीं. मग तो चुरडून, सालें काढून, भोपळ्याबरोबर किंवा भाताबरोबर कालवून द्यावा. अख्खा दाणा, शेंगदाणा किंवा कच्च्या गाजराचा तुकडा लहान मुलास देऊं नये; तो घशांत अडकून जीव जाण्याचें भय असतें.

“पालेभाजीनें हगवण लागते,” असें पुष्कळ म्हणतात. बहुतकरून दोष पाल्याचा नसून न धुतलेल्या हातांचा, न निवडलेल्या भाजीचा किंवा सकाळचें अन्न सायंकाळीं दिल्याचा असतो. हात साबणानें धुवावे, पाला दोन-तीन पाण्यांतून काढावा, अन्न ताजें द्यावें.

४. भाजी आणावी कोठून?

अकोले तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे ह्या शाळेंत गेल्या नाहींत. परंतु घेवडा, वाल व पालेभाज्या ह्यांचें गांवठी बियाणें त्यांनीं जपलें व इतर शेतकऱ्यांस वांटलें. २०२० सालीं त्यांस पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यासारखें मोठें काम सर्वांस साधणार नाहीं. पण न्हाणीच्या सांडपाण्यावर शेवग्याचें एक झाड, भोपळ्याचा एक वेल, राजगिऱ्याची व चाकवताची एक ओळ कोणास साधणार नाहीं? आणि घेवडा विकतांना बाळाच्या वांट्याच्या दोन पायल्या आधीं मडक्यांत काढून ठेवाव्या; मग पोतें शिवावें. बाळाचें वजन दर महिन्यास अंगणवाडींत करून घ्यावें. वजन वाढेनासें झालें किंवा तळहात फिके दिसूं लागले तर विलंब न लावतां आरोग्यकेंद्रांत न्यावें.

मंडळींत विचारण्याचे प्रश्न

१. सहा महिन्यांनंतर बाळास एकटें दूध कां पुरत नाहीं?
२. बाळानें भाजी थुंकली तर आई, आजी व बाप ह्यांनीं प्रत्येकीं काय करावें?
३. घेवडा कसा शिजवावा, व कां?
४. आपल्या परसांत आज बाळाच्या उपयोगाचें काय आहे, आणि येत्या पावसाळ्यांत आपण काय लावणार?