वारुळावरची अळंबी : तोडण्याआधी खालची माती उकरून बघा

पहिला पाऊस मुरला की काजूबागेत, बांधावर अळंबी वर येते. गोव्यात हिला रोण ओळमी म्हणतात. ही वारुळातल्या वाळवीने पोसलेली बुरशी. वाळवी पालापाचोळा आत नेते, त्यावर ही वाढते. म्हणून धिंगरीसारखी शेडमध्ये हिची लागवड होत नाही.

ओळख कशी पटवायची? छत्रीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो. छत्रीखालच्या पात्या पांढऱ्या, नंतर फिकट गुलाबी. पण *खरी खूण जमिनीखाली आहे.* एका अळंबीभोवतीची माती हाताने बाजूला करा. दांडा मुळासारखा निमुळता होत थेट वारुळाकडे गेलेला दिसेल. दांड्याच्या बुडाशी वाटीसारखी पिशवी दिसली तर हात लावू नका, ती जात जीवघेणी असू शकते. नुसतं वरून खुडलं की ही वाटी मातीतच राहते आणि फसगत होते.

गायरानात, शेणखताच्या जागी येणारी एक मोठी पांढरी छत्रीही फसवते. तिच्यावर तपकिरी खवले आणि दांड्याला कडं असतं. कोवळेपणी पात्या पांढऱ्याच, हिरवट झाक नंतर येते. शंका असेल तर दांडा कापून छत्री पांढऱ्या कागदावर उपडी ठेवा, वर टोप झाका. सकाळी कागदावर हिरवट भुकटी पडली असेल तर ती विषारी. पांढरी किंवा फिकट भुकटी पडली म्हणून मात्र खायला चालते असं नाही, मातीखालची खूण बघायचीच.

चांदीचा चमचा काळा पडतो, किड्याने खाल्ली म्हणजे चांगली, लसूण घातली की विष उतरतं, या सगळ्या ऐकीव गोष्टी. उकळूनही विष जात नाही.

खाल्ल्यावर उलटी-जुलाब झाले तर लगेच १०८ ला फोन करा. सहा तासांनंतर, अगदी दुसऱ्या दिवशी त्रास सुरू झाला तर तो *जास्त धोक्याचा,* कारण त्यात यकृत निकामी होऊ शकतं. मध्ये एखादा दिवस बरं वाटतं, त्यावर जाऊ नका. उरलेली अळंबी दवाखान्यात सोबत न्या.

वारूळ फोडू नका, त्यावर कीटकनाशक ओतू नका. वारूळ शाबूत राहिलं तर पुढच्या वर्षी तिथेच परत मिळेल. काही छत्र्या उमलून जाऊ द्या.

आणि ग्रुपवर फोटो टाकून “ही चालेल का?” असं विचारू नका. मातीतला भाग फोटोत दिसत नाही, आम्ही उत्तर देणार नाही.