साफसफाईनंतर संगणक सुरू होत नाही? आधी हे तपासा

शिक्षक-पालक मित्रांनो, भोसरी-चाकणच्या पट्ट्यात धूळ पाचवीलाच पुजलेली. सुट्टीत संगणक उघडून पुसला, बटण दाबलं, तर काहीच नाही! घाबरू नका, पुसणाऱ्या मुलाला रागावूही नका. बऱ्याचदा एखादी वायर फक्त सैल झालेली असते.

१. भिंतीवरचं बटण, पॉवर केबल आणि मागचा एसएमपीएसचा स्विच पाहा. स्विच शून्याच्या बाजूला असेल तर तो बंद आहे.

२. तरीही सुरू झाला नाही, तर केबल काढा आणि पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा. उरलेला विद्युतभार निघून जातो.

३. आता झाकण उघडा. मदरबोर्डची २४ पिनांची आणि प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनांची जोडणी घट्ट बसवा. पुढच्या बटणाची बारीक वायर निघालेली नाही ना, तेही बघा.

४. पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच? पुन्हा केबल काढून रॅम नीट बसवा.

ओलं फडकं वापरलं असेल तर आधी पूर्ण वाळू द्या. वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यात पाणी-तेल असू शकतं. एसएमपीएस मात्र कधीच उघडू नका. केबल काढल्यावरही आत वीज साठलेली असते.

हे सगळं मुलांना सोबत घेऊन करा. ‘कोणी बिघडवलं?’ असं विचारण्याऐवजी ‘वीज कुठपर्यंत पोहोचली?’ असं विचारा. विद्युत परिपथाचा धडा तिथेच शिकवून होतो.