लबन म्हणजे ताक नव्हे



मधुमेहात दही खावे का, आणि खावे तर कोणते, हा प्रश्न या सदराकडे वारंवार येतो. उत्तर दोन ओळींचे आहे असे मी इतकी वर्षे समजत होते. गेल्या हिवाळ्यात कुवेतला जाऊन आले आणि लक्षात आले की ते तेवढे सोपे नाही. त्यात एक चूक माझीही झाली. तीही सांगते, कारण ती तुमच्या घरीही होऊ शकते.

माझा भाचा खैरानला राहतो. कुवेत शहरापासून दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटर, सौदीच्या सीमेजवळचा हा भाग. वाळवंटात कालवे खणून समुद्राचे पाणी आत आणले आहे आणि त्यांच्या काठाने घरे बांधली आहेत. माझे थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, वय ७६, मुलाकडे तिथे दोन महिने आधीच येऊन राहिले होते. मधुमेह वीस वर्षांचा, रोज सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी. ठाण्याच्या डॉक्टरांनी "भात-पोळी थोडी कमी करा" एवढेच सांगितले होते. दादांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून भात, भाकरी, बटाटा, सगळेच एकदम बंद केले. तरी सकाळची साखर उतरत नव्हती.

फ्रिज उघडला तेव्हा कारण दिसले. दारात लबनच्या एक लिटरच्या दोन बाटल्या. "हे काय दादा?" विचारले तर म्हणाले, "अगं, ताक आहे. ताकाने कधी साखर वाढते का?" रोज एक बाटली संपत होती.

इथे शब्दांचा घोटाळा आधी सोडवू. हिब्रूत 'लावान' म्हणजे पांढरा, हे आपल्याला ठाऊक आहे. अरबीतला 'लबन' त्याच कुळातला शब्द, पण गावोगावी त्याचा अर्थ बदलतो. इजिप्तमध्ये लबन म्हणजे साधे दूध, लेबनॉन-सीरियाकडे लबन म्हणजे दही, आणि आखातात लबन म्हणजे पिण्याचे पातळ, आंबट दही. कुवेती माणूस दह्याला 'रोब' म्हणतो, सौदी कंपन्यांच्या डब्यांवर 'झबादी' लिहिलेले असते, आणि 'लबनेह' म्हणजे जवळजवळ आपला चक्का, फक्त मीठ घातलेला. इस्रायलमधल्या नातेवाइकांकडे 'लेबेन' मिळते, तेही आंबवलेले दूधच. यातले एकही आपले ताक नव्हे.

आपल्या ताकात पाव वाटी दही आणि पेलाभर पाणी असते. अशा पेल्यात कर्बोदके दोन-अडीच ग्रॅमच्या वर जात नाहीत. आखाती लबनमध्ये पाणी असे घातलेले नसते. शंभर मिलिलिटरमध्ये साडेचार-पाच ग्रॅम, म्हणजे पेल्यात अकरा-बारा आणि लिटरभर बाटलीत पंचेचाळीस ते पन्नास. एक मोठी वाटी शिजलेल्या भातातही साधारण तेवढीच कर्बोदके असतात. दादांनी भाताची वाटी सोडली होती आणि बाटलीतून ती परत घेत होते. लबन वाईट आहे असे अजिबात नाही. अर्धा पेला लबन, वर पाणी, जिरेपूड, कोथिंबीर, की झाले ताक.

आता माझी चूक. मी दादांना त्याच दिवशी लबन बंद करायला लावले आणि गोळीबद्दल विचारलेच नाही. चाळीस वर्षे आहारशास्त्रात घालवून! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कालव्याच्या कडेने फिरताना दादांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळले. घरी आणून तपासले तर मशीनवर ३.४. तिकडच्या मशीनवर आकडा वेगळ्या मापात येतो. आपल्या मापासाठी त्याला १८ ने गुणायचे, म्हणजे ६१. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, मग एक पोळी खायला घातली. माणूस ताळ्यावर आला, पण त्या अर्ध्या तासात मी काय काय आठवले ते मलाच माहीत.

झाले असे, की ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या आणि इन्सुलिन रक्तातली साखर खाली ढकलत राहतात, तुम्ही जेवा अगर न जेवा. ताटातली कर्बोदके एकदम कमी केली आणि डोस तोच ठेवला, तर साखर नको तितकी उतरते. दादा सावरले होते ते त्या लबनच्याच आधाराने, आणि तोच आधार मी काढून घेतला. म्हणून दही निवडण्याच्या आधीचे काम असे: कमी कर्बोदकांचा आहार सुरू करण्यापूर्वी सगळ्या गोळ्यांची नावे डॉक्टरांना दाखवा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर आवर्जून दाखवा. त्या गोळ्यांवर कर्बोदके फारच तोडली तर रक्तात आम्ल साचून जिवावर बेतू शकते, आणि तेव्हा साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसतोही.

डॉक्टरांशी फोनवर बोलून डोस ठरला. मग सूनबाई, दादा आणि मी जमियात गेलो. जमिया म्हणजे तिथले सहकारी भांडार. दह्याचे कपाटच भिंतभर! दादांनी चष्मा पुसून एक डबा उचलला आणि खूश होऊन म्हणाले, "यात साखर शून्य आहे." डब्याच्या अरबी बाजूला अरबी आकडे होते. अरबी पाच म्हणजे हुबेहूब आपल्या शून्यासारखा गोल, आणि अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. दादांनी पाचाला शून्य वाचले होते. डब्याची इंग्रजी बाजूच वाचावी, किंवा नातवंडाकडून वाचून घ्यावी.

वाचायचे काय? पहिल्यांदा 'इन्ग्रेडियंट्स'. दूध आणि विरजण, एवढेच असेल तर तो डबा घरी आणायला हरकत नाही. साखर, ग्लुकोज सिरप, मध, फळांचा पाक, स्टार्च दिसला की परत ठेवा. मग 'टोटल कार्बोहायड्रेट'चा आकडा, आणि तो शंभर ग्रॅमचा आहे की अख्ख्या कपाचा ते पाहा. साध्या दह्यात शंभर ग्रॅमला चार ते सहा-सात ग्रॅम येतात. ती दुधातली साखर असते, घाबरू नका. 'शुगर ५' लिहिले म्हणजे कुणी चमच्याने साखर ओतली असे नाही. स्ट्रॉबेरी-आंब्याच्या दह्यात हाच आकडा बारा ते पंधरा असतो, आणि १७० ग्रॅमच्या कपातून तीन-चार चमचे वरची साखर पोटात जाते. श्रीखंडाचे तर नावच नको.

'लो फॅट' या शब्दाने आपली पिढी फार भुलते. मलई काढली की दही पातळ होते, मग ते दाट दिसावे म्हणून दुधाची पावडर किंवा स्टार्च घालतात, आणि कर्बोदके थोडी चढतात. साध्या लो फॅट दह्यात हा फरक एक-दोन ग्रॅमचाच असतो, म्हणून हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांनी सांगितलेले लो फॅट खुशाल घ्यावे. लो फॅट आणि वर गोड, असे मात्र नको.

'ग्रीक' दह्याची परीक्षा प्रथिनांवरून करा. खरोखर पाणी गाळलेल्या दह्यात शंभर ग्रॅमला आठ-दहा ग्रॅम प्रथिने असतात. चार-पाचच असतील तर ते नुसते घट्ट केलेले दही, भाव मात्र ग्रीकचा. म्हातारपणी दंड-मांड्यांचे मांस झडते, त्याला ही प्रथिने हवीतच. क्रिएटिनिन वाढलेले असेल तर मात्र हे दही डॉक्टरांना विचारूनच. आणि लबनेह खाताना रक्तदाबवाल्यांनी मिठाचा आकडा पाहावा.

घट्टपणासाठी काही डब्यांत जिलेटिनही असते, आणि हा आपल्या घरांत केवळ साखरेचा प्रश्न नाही. जिलेटिन जनावराच्या कातडी-हाडांपासून करतात. आखातात ते हलाल असले तरी तेवढ्याने कोशेर ठरत नाही. दूध आणि विरजण एवढेच असलेले दही घेतले की साखरेचा आणि जिलेटिनचा, दोन्ही घोर एकदम मिटतात. तरी मन साशंक असेल तर आपल्या हझानांना विचारावे. मटणाच्या जेवणावर आपण दही घेत नाहीच, तेव्हा त्याची जागा सकाळच्या न्याहारीला, किंवा दुपारी डाळ-भाजीबरोबर वाटीभर. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि दही यांत चार तास जाऊ द्यावेत.

सर्वांत स्वस्त आणि बिनघोर उपाय म्हणजे घरचे विरजण. आखातात बायका दही दाट लागावे म्हणून दुधात पावडर घालतात, सूनबाईही घालत होती. पावडरीत शंभर ग्रॅमला जवळजवळ ३८ ग्रॅम दुधाची साखर असते, दोन मोठे चमचे म्हणजे सहा ग्रॅम. पावडर बंद केली. मग दही लागेना, कारण एसीमुळे स्वयंपाकघर गार. दूध कोमट करून विरजण लावले, भांडे बंद ओव्हनमध्ये ठेवले आणि आतला नुसता दिवा चालू ठेवला. सहा-सात तासांत लागले. दाट हवे असेल त्या दिवशी मलमलच्या फडक्यात दोन तास टांगायचे. पाण्याबरोबर थोडी दुधाची साखरही निघून जाते आणि त्याच वाटीत प्रथिने जास्त येतात.

ते काम आता दादांनी आपल्याकडे घेतले आहे. रात्री नऊला विरजण, सकाळी वाटीभर दही, दुपारी ताक, आणि दोन्ही जेवणांत एकेक पोळी. डोस निम्मा झाला आहे. फिरायला जाताना खिशात साखरेच्या दोन पुड्या असतात, त्या सूनबाई स्वतः तपासून देते.