उंची एक इंच कमी पडते, डॉक्टर…

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, मुलगा चांगला धीट आहे हो, उंची जेमतेम एक इंच कमी पडते. बसवला तर चालेल ना?" खोपोलीजवळच्या इमॅजिकाची तिकिटं काढून झालेली असतात. बुटात रुमालाच्या घड्या घालून किंवा टाचा उचलून मोजपट्टी कशी पार करायची, या युक्त्या मला पालकांनीच हसत हसत सांगितल्या आहेत. माझं उत्तर एकच: नाही चालणार. धीटपणाचा इथे संबंधच येत नाही.

राइडची सीट, मांडीवर येणारा दांडा आणि खांद्यांवरून खाली उतरणारी चौकट हे सगळं ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेलं असतं. लहान मुलाच्या मांड्या बारीक, कंबर अरुंद. दांडा 'खट्' आवाज करून बसतो, आपल्याला हायसं वाटतं, पण दांडा आणि मांडी यांच्यात फट राहिलेली असते. गाडी वळणावर हिसका देते तेव्हा शरीर त्या फटीतून खाली सरकतं किंवा वर उचललं जातं. मोठा माणूस अशा वेळी पाय रोवून धरतो. मुलाचे पाय जमिनीला टेकतच नाहीत. शिवाय लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मानेचे स्नायू कोवळे असतात, त्यामुळे मोठ्यांना नुसती गंमत वाटणारा झटका त्याच्या मानेला सोसवत नाही. मग वय का विचारत नाहीत? कारण वय खोटं सांगता येतं. उंची दारातच क्षणात मोजता येते, म्हणून नियम उंचीचा.

दांड्याखालच्या याच फटीमुळे मुलाला मांडीवर घेऊन बसू नका, आणि दोघांत मिळून एकच दांडा असेल तर फार काळजी घ्या. जत्रेतल्या कोलंबसमध्ये किंवा ड्रॅगन ट्रेनमध्ये हे नेहमी दिसतं: बाबांच्या पोटाला दांडा टेकला की तो तिथेच अडतो आणि शेजारच्या पाच वर्षांच्या पोरासमोर वीतभर जागा मोकळी राहते. बाबा एका हाताने पोराला धरतात. जोराच्या हिसक्यात तो हात पुरत नाही.

नियम फक्त लहानांसाठी असतो असंही नाही. २०२२ च्या मार्चमध्ये अमेरिकेत ऑरलँडोला, उंच मनोऱ्यावरून सीट खाली सोडणाऱ्या राइडमधून १४ वर्षांचा मुलगा निसटून पडला आणि दगावला. राइड बनवणाऱ्यांनी वजनाची मर्यादा सुमारे १३० किलो लिहून दिली होती. त्याचं वजन १७० किलोंच्या पुढे होतं. चौकशीत निघालं ते असं, की त्या सीटचा सेन्सर हाताने बदलून ठेवलेला होता. त्यामुळे चौकट पुरती खाली आलेली नसतानाही सगळं ठीक असल्याचा इशारा मिळाला. त्याच दिवशी काही इतर राइड्सवर त्याला वजनामुळे बसू दिलं नव्हतं, असंही पुढे आलं. म्हणून एखाद्या स्थूल माणसाला कर्मचाऱ्याने नम्रपणे बाजूला घेतलं तर तो अपमान समजू नका. हुज्जत घालून, ओळख सांगून, शंभराची नोट सरकवून 'जमवून' घेणं हा आपल्याकडचा उद्योग मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. यात कर्मचारी ऐकतो आणि यंत्र ऐकत नाही.

यंत्रच तुटलं तर आपल्या हातात फार काही नसतं, हेही मान्य करायला हवं. २०१९ च्या जुलैमध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ झोका घेणारी मोठी राइड मोडून पडली. दोघे मृत्युमुखी पडले, अनेक जखमी झाले. आपण इतकंच पाहू शकतो: राइड चालवणारा माणूस प्रत्येक सीटचा चाप स्वतः ओढून बघतो आहे, की नुसती शिट्टी फुंकून सुरू करतो आहे? दुसरं दिसलं तर आकाशपाळणा असो वा ब्रेक डान्स, पुढे चला. ओढणी, पदर, मोकळी वेणी आवरून बांधा. गो-कार्टच्या चाकात केस अडकून आपल्या देशात जीव गेले आहेत.

आता राइडच्या पाटीवरच्या इशाऱ्यांच्या त्या ओळी, ज्या कोणी वाचत नाही. २००५ मध्ये जर्मन डॉक्टरांनी निरोगी स्वयंसेवकांना रोलर कोस्टरवर बसवून नाडी मोजली. नव्वदच्या आसपासचे ठोके दीडशेच्या वर गेले. धडधाकट हृदयाला याचं काही वाटत नाही. पण नुकतीच अँजिओप्लास्टी झालेली असेल, ठोके अनियमित पडत असतील किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर खाली उभं राहून फोटो काढा. गरोदर बाईने बसूच नये, पोट दिसत नसलं तरी. अचानक ब्रेक लागल्यावर वार गर्भाशयापासून सुटण्याचा धोका असतो. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात. त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हिसक्याची राइड नको. जाड नंबरचा चष्मा असेल, पडद्याचा त्रास झालेला असेल किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन ताजं असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांची परवानगी घ्या. हाडं ठिसूळ झालेल्या आजीला नातवंडांनी आग्रह करू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी रांगेत दोन तास जातात हे धरून खिशात साखर ठेवावी.

एक गमतीची गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी मूत्रपिंडाची सिलिकॉनची प्रतिकृती डिस्ने वर्ल्डच्या एका कोस्टरवर पुन्हा पुन्हा फिरवून मुतखडे सुटतात का ते पाहिलं. मागच्या सीटवर ते पुढच्यापेक्षा बरेच जास्त सुटले, आणि २०१८ मध्ये या प्रयोगाला गमतीशीर संशोधनासाठीचं इग नोबेल मिळालं. तरी मुतखड्याच्या रुग्णांना मी इमॅजिकाची चिठ्ठी लिहून देणार नाही.

राइडवरून उतरल्यावर पाचदहा मिनिटं गरगरणं, मळमळणं साहजिक आहे. त्यापुढे मात्र वाढत जाणारी डोकेदुखी, मानेच्या एका बाजूची नवी कळ, पापणी उतरणं, हातपाय लुळे पडणं, बोलणं जड होणं, छातीत दुखणं, डोळ्यापुढे ठिणग्या किंवा पडदा येणं, गर्भवतीला रक्तस्राव: यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांत राइडच्या हिसक्यानंतर मेंदूभोवतीचा रक्तस्राव हळूहळू वाढू शकतो. काही आठवड्यांनी चालीत तोल जाऊ लागतो, विसराळूपणा येतो आणि घरचे वयाला दोष देतात. अशा वेळी डॉक्टरांना मागच्या महिन्यातल्या राइडबद्दल आवर्जून सांगा, म्हणजे सीटी स्कॅन लवकर होईल.